सव्वा तासाचं विमान

१. रिकामा लिफाफा

लिफाफा होता, त्यावर लाख होती, लाखेवर शिक्काही होता. आत मात्र काही नव्हतं.

सेलूच्या त्या शाळेचं नाव इथं नको. तिथली पोरं आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत, उगाच त्यांना खाली मान घालायला कशाला लावा! एवढं सांगितलं तरी पुरे, की १९८६ सालच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी मुख्याध्यापक किशनराव देशमुखांनी कपाटातून तो लिफाफा काढला, कात्रीनं वरची कड कापली आणि आत बोटं घालून चाचपत राहिले. लिफाफ्याची खालची घडी कुणीतरी अलगद सोडवून डिंकानं पुन्हा चिकटवली होती. आतला उत्तरांचा कागद गेला होता.

आदल्या दिवशी, रविवारी, शाळेत दहावीच्या पोरांची तालुका भूगोल स्पर्धा झाली होती. चाळीस पोरं, वीस प्रश्न आणि बक्षीस एकच. पहिल्या येणाऱ्याला औरंगाबादच्या वसतिगृहात जागा, तिथंच अकरावी-बारावी शास्त्र शाखेत. ती जागा म्हणजे काय, हे सेलूत सांगावं लागत नव्हतं. विद्यापीठाच्या नावावरून जिल्हाभर मोर्चे निघत होते, गावागावांत अबोला धरलेला होता. पण आपलं पोर औरंगाबादला शिकावं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पहिल्या आलेल्याचं नाव सोमवारीच पाचच्या औरंगाबाद बसनं जायला हवं होतं. उशीर झाला तर जागा दुसऱ्या तालुक्याला जाणार होती.

त्या नावावर सही करायला परभणीहून शिक्षण विस्तार अधिकारी नर्मदाबाई कदम अकराच्या बसनं उतरल्या. चौपन्न वर्षांच्या, ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या बाई. जिल्ह्यातल्या मास्तरांना त्यांच्या चष्म्यापेक्षा त्यांच्या मौनाची जास्त भीती वाटे. आपल्या जिल्ह्यातली पोरं कुणाला हार जाणार नाहीत, असा त्यांचा दावा होता आणि तो त्या पुण्या-मुंबईच्या साहेबांसमोरही छाती काढून सांगत.

त्या ऑफिसात शिरल्या तेव्हा शाळेचा शिपाई वाल्मीक कोपऱ्यात उभा होता. बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्याच्याकडं बोट दाखवलं नव्हतं. आज तिघं एकदम दाखवत होते.

"चोर सापडलाय, बाई," किशनराव म्हणाले. "आणि चोरीचा मालही सापडलाय. याच्या भाचीच्या पेपरात."

२. वीस नंबरचा प्रश्न

नर्मदाबाईंनी पाणी घेतलं, चहा नाकारला आणि पेपर मागितला.

विसावा प्रश्न असा होता: 'हैदराबादचे बेगमपेठ आणि मुंबईचे सांताक्रूझ या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सोबतच्या नकाशावरून काढा. ताशी पाचशे किलोमीटर वेगाचे विमान ते अंतर किती वेळात कापेल?'

बाई स्वतःशीच हसल्या. हैदराबाद म्हणजे मराठवाड्याची जुनी राजधानी, मुंबई म्हणजे आताची. दोन्हींच्या मधोमध आपण, आणि विमान आपल्या डोक्यावरून जाणार. प्रश्न काढणारा माणूस अस्सल दिसत होता.

"कुणी काढला हा पेपर?"

"चारठाण्याचे तात्याराव गुरुजी. निवृत्त आहेत. प्रश्न त्यांनी टंकलेखकाकडून करून घेतले, उत्तरं स्वतःच्या हातानं लिहून लिफाफा बंद करून शनिवारी पाठवला. आम्ही कुणी ती उत्तरं पाहिलेली नाहीत. गुरुजी सध्या पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलेत. माणूस पाठवलाय, चारपर्यंत येतील."

"मग चाळीस पेपर तपासले कशावरून?"

किशनराव जरा घुटमळले. पहिले एकोणीस प्रश्न नद्या, पर्वत, राजधान्या असे होते. ते कुणालाही तपासता येतील. विसावं गणित त्यांनी स्वतः फूटपट्टी घेऊन सोडवलं होतं. अंतर सहाशे पंचवीस. वेळ एक पूर्णांक पंचवीस शतांश तास. आधी त्यांनी ते 'एक तास पंचवीस मिनिटं' असं लिहिलं होतं. मग भूगोलाचे शिक्षक भगवानराव यांनी ते हळूच खोडून 'एक तास पंधरा मिनिटं' केलं होतं. तपासणीच्या कागदावर ती खाडाखोड अजून दिसत होती आणि बाईंनी ती पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"एकोणीस प्रश्न बरोबर असलेली पोरं दोनच," किशनराव म्हणाले. "एक आमच्या कारकुनांचा, बन्सीधरांचा मुलगा भुजंग. आणि दुसरी ही कस्तुरा. हिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, ही मामाकडं राहते. मामा म्हणजे हा वाल्मीक. विसावं उत्तर चाळीस पोरांत एकटीचं तंतोतंत बरोबर! आणि लिहिलंय कसं ते पाहा."

बाईंनी पाहिलं. गोल, ठसठशीत अक्षरात दोनच ओळी होत्या. 'सव्वासहाशे किलोमीटर. सव्वा तास.' बाजूला आकडेमोड काहीच नव्हती.

"ना भागाकार, ना गुणाकार," बन्सीधर कारकून दारातून म्हणाले. "आन् सव्वा-दीडच्या भाषेत हल्ली कोन लिहितं हो? तात्याराव गुरुजीच लिहिनार. पोरीनं गुरुजींचा कागद जसाच्या तसा उतरवला. कपाटाच्या चाव्या वाल्मीकच्या स्टुलावरच्या खिळ्याला असतात, समद्या गावाला म्हाईत हाय."

वाल्मीक कोपऱ्यातून पुढं आला. "बाई, मला वाचता येत न्हाई. कोन्ता कागद कशाचा, मला काय कळतंय? आमी लय गरीब हाओत, पर हाताचे खरे हाओत."

 नर्मदाबाईंनी रिकामा लिफाफा उचलून उजेडात धरला. वरच्या कोपऱ्यात शाईनं लिहिलं होतं, 'उत्तरे', आणि त्यापुढं दोनाचा आकडा, आकड्याच्या पुढं एक टिंब.

"हे काय?"

"लिफाफा क्रमांक दोन असावा," किशनराव म्हणाले. "तेच मला सकाळपासून कोडं पडलंय, बाई. मग लिफाफा क्रमांक एक गेला कुठं?"

३. दोऱ्यानं मोजलेलं आभाळ

बाईंनी ऑफिस रिकामं करवलं आणि कस्तुराला बोलावलं.

पोरगी आली ती रडून आलेली, पण मान ताठ होती. बाईंना ती मान आवडली.

"हे उत्तर कसं काढलंस?"

"दोऱ्यानं."

"म्हणजे?"

"माज्याकडं फूटपट्टी न्हवती, बाई. दप्तराचा दोरा उसवला. एक टोक बेगमपेठेवर धरलं, दुसरं सांताक्रूझवर. मंग त्यो दोरा नकाशाखालच्या शंभर किलोमीटरच्या पट्टीवर धरून मोजला. सहा येळा पुरा बसला, आन् वर पाव राहिला. म्हून सव्वासहाशे."

"बरं. आणि वेळ?"

कस्तुरानं बाईंकडं जरा नवलानंच पाहिलं. एवढं काय विचारायलात, असा तो चेहरा होता. "त्यात काय मोजायचं? इमान तासाला पाचशे जायलंय. पाच सव्वा सव्वासहा. म्हंजी सव्वा तास."

नर्मदाबाई खुर्चीत मागं टेकल्या. सव्वाकी! पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे शाळांतून जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. देशमुख सर तीन ओळींचा भागाकार करून वर चुकले होते, आणि ही पोरगी एका ओळीत मुंबईला उतरली होती. बाईंना एवढा आनंद झाला की क्षणभर चोरीचा विसर पडला.

"कुणी शिकवली सव्वाकी?"

"आईनं. आई शाळेत न्हाई गेली. उसाच्या मोळ्या मोजता मोजता तिला समद्या पाठ झाल्या, तिच्या बापाकडून ऐकून. मला झोपवताना म्हनायची." आणि मग एकदम खालच्या आवाजात, "बाई, मामाची नोकरी जाईल का?"

नुसतं सांगितलेलं बाई मानत नसत. त्यांनी नकाशाची कोरी प्रत पुढं सरकवली. "सांताक्रूझ ते दिल्लीचं पालम. विमान तेच."

दोरा पुन्हा निघाला. कस्तुराची बोटं नकाशावर फिरली, ओठ हलले. "अकरा पट्ट्या, वर पाव. जराशी जास्तच हाय, पर सव्वाअकराशे धरा. पाचशेच्या दोन पटी हजार, राहिले सव्वाशे, म्हंजी पाव. सव्वादोन तास."

बाईंनी तिला बाहेर बसवलं आणि भुजंगला आत घेतलं. उंच, सालस पोरगा, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. त्याच्या पेपरात विसाव्या प्रश्नाला उत्तर होतं: 'अंतर ६२० कि.मी., वेळ १ तास १० मिनिटे.' किशनरावांनी शेजारी तांबड्या शाईनं लिहिलं होतं, 'प्रामाणिक प्रयत्न'.

बाईंनी त्यालाही दिल्ली दिली. भुजंगनं फूटपट्टीनं नीट मोजलं, अंतर अकराशे तीस काढलं, पाचशेनं भागलं आणि दोन पूर्णांक सव्वीस शतांश आल्यावर लिहिलं: 'दोन तास सव्वीस मिनिटे'.

"आणि हे एक तास दहा मिनिटं कसं काढलंस?" बाईंनी त्याच्या पेपरावर बोट ठेवलं.

भुजंग फरशीकडं पाहू लागला. "भागून."

"भागून दाखव."

त्यानं सहाशे वीसला पाचशेनं भागलं. एक पूर्णांक चोवीस शतांश आलं. त्यानं ते खोडलं, पुन्हा भागलं, पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा त्याची पेन्सिल थांबली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

४. चुकीला रस्ता असतो

दुपारी नर्मदाबाईंनी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला, पण भाकरी तशीच राहिली. त्यांनी चाळीस पेपरांतली विसावी उत्तरं एका कागदावर उतरवली होती.

बाईंचा एक नियम होता. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, त्यातून पोराबद्दल फारसं कळत नाही. चुकीच्या उत्तराला मात्र स्वतःचा रस्ता असतो. अकरा पोरांनी 'एक तास पंचवीस मिनिटं' लिहिलं होतं. त्यांचा रस्ता स्पष्ट होता, शतांशाला मिनिटं समजले. मुख्याध्यापकही त्याच रस्त्यानं गेले होते. कुणी गुणाकार केला होता आणि विमान पस्तीस वर्षं हवेत ठेवलं होतं, तोही रस्ताच.

सहाशे वीसवरून 'एक तास दहा मिनिटं' मात्र कुठल्याच रस्त्यानं येत नव्हतं. बरोबर केलं तर चौदा मिनिटं, चुकीचं केलं तर चोवीस. आणि भुजंगची चूक कशी असते, हे बाईंनी नुकतंच पाहिलं होतं. आपल्या डोक्यानं चुकला असता तर त्यानं चोवीस लिहिलं असतं. म्हणजे ते दहा त्याच्या डोक्यातलं नव्हतंच. कुठूनतरी उचललेलं होतं.

पण कुठून? गुरुजींच्या कागदावरून उचललं असेल, तर ते बरोबर असायला हवं होतं. एवढा मुरलेला मास्तर स्वतःच्या पेपराचं उत्तर चुकवणार नाही. चोरीचा माल आणि तोही खोटा! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांनी भगवानरावांना बोलावलं. भगवानराव नाशिककडचे, तिशीचे, केस चापून बसवलेले. तीन वर्षांपूर्वी सेलूला आले आणि घरी शिकवणी काढून बसले. बोलणं मोठं गोड होतं.

"भुजंग तुमच्याकडं शिकवणीला येतो ना?"

"येतो, बाई. कष्टाळू मुलगा. माझ्या वर्गाचा पहिला विद्यार्थी औरंगाबादला जाणार, म्हणून मी फार आशेनं होतो. पण अशी चोरी व्हावी! मुलीचं वय लहान आहे, तिला माफ करावं. शिपायाला मात्र माफ करू नये."

"शनिवारी तुम्ही ऑफिसात होता?"

"होतो ना. मी, बन्सीधर आणि वाल्मीक. वाल्मीक घंटा द्यायला बाहेर गेला, बन्सीधर बाहेर चहाला गेले. प्रत्येक जण थोडा थोडा वेळ एकटा होता. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू?"

बाईंना हे उत्तर फार नीटनेटकं वाटलं. पण नीटनेटकं बोलणं हा काही गुन्हा नाही. त्यांनी त्यांना जाऊ दिलं आणि पुन्हा लिफाफा हातात घेतला. 'उत्तरे', दोन आणि टिंब. क्रमांक लिहिणारा 'क्र.' लिहील. इथं तर सरळ उत्तरं दोन असं लिहिलं होतं. उत्तरं मात्र वीस होती.

उत्तरं वीस. दोन आणि टिंब.

नर्मदाबाई उठून उभ्या राहिल्या, तशी मांडीवरची भाकरी खाली पडली. चौपन्न वर्षांच्या बाई चौथीतल्या पोरीसारख्या हसत होत्या. त्यांनी दाराशी जाऊन हाक मारली, "बन्सीधर! शाळेचं सगळ्यात जुनं दाखल रजिस्टर घेऊन या. निजामाच्या काळातलं."

५. टिंब आणि वाटोळं

रजिस्टर आलं. बन्सीधरांनी ते फुंकून टेबलावर उघडलं.

"वाचा," बाई म्हणाल्या. "ही पहिल्या पोराच्या जन्माची तारीख."

"पंदरा तारीख, बाई," बन्सीधर झटकन म्हणाले. "उर्दू आकडे हायत. माजी तालीमच उर्दूत झाली ना, चौथीपस्तोर. ह्यो उभा दांडा म्हंजी एक, ह्ये वाटोळं म्हंजी पाच."

"आणि शून्य?"

"शून्य निस्तं टिंब."

"माझीही चौथीपर्यंत उर्दूतच झाली," बाई म्हणाल्या आणि लिफाफा त्यांच्यापुढं धरला. "मग हे किती?"

"वीस," बन्सीधर म्हणाले. "उत्तरे वीस. त्यात काय?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते. पाचच्या बसला दीड तास होता आणि त्यांना आता चोर कोण नाही, हे पक्कं कळलं होतं. चोर कोण, हे अजून सिद्ध करायचं होतं.

चारच्या बसनं तात्याराव गुरुजी उतरले. कपाळाला बुक्का, हातात प्रसादाची पुडी, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा. झालेला प्रकार ऐकून ते एवढे संतापले की पुडी टेबलावर आपटली. "माज्या इम्तिहानात चोरी? निजामाच्या वक्ताला कुनी केली न्हाई, आन् आता करायलेत?"

"गुरुजी, बसा. विसाव्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यासारखंच पुन्हा लिहून द्या. अगदी तसंच."

गुरुजींनी कागद ओढला, दोन आकडे एकाखाली एक लिहिले. बाईंनी कागद घेतला, वाचला आणि समाधानानं मान हलवली. मग सगळ्यांना आत बोलावलं: किशनराव, वाल्मीक, कस्तुरा, भगवानराव, बन्सीधर आणि त्यांचा भुजंग.

"किशनराव, गुरुजींनी विसावं उत्तर पुन्हा लिहून दिलंय. मोठ्यानं वाचा."

मुख्याध्यापकांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा केला. "हा पहिला आकडा... कोयता काढलाय की काय? सात असावा. की एक? पुढं दोन दिसतो. बाई, मला हे लागत नाही."

"हरकत नाही. तुम्ही आमच्या इकडचे असलात तरी शिकलात पुण्यात. भगवानराव, तुम्ही बघा बरं."

भगवानरावांनी कागद घेतला. त्यांना सुटका हवी होती. "त्यात काय? सहाशे वीस. खाली एक तास दहा मिनिटं. भुजंगचंच उत्तर बरोबर आहे!"

"पंदरा हाय त्ये!" तात्याराव गुरुजी गरजले. "सव्वासहाशे! आन् एक तास पंदरा मिंटं! मास्तर हायसा का कोन हायसा?"

६. सव्वाकीची लेक

नर्मदाबाईंनी भगवानरावांच्या हातातून कागद अलगद काढून घेतला.

"गुरुजी निजामाच्या राज्यात शिकले. बोलतात मराठी, आकडे मात्र हातातून उर्दूच उतरतात. उर्दूतला पाच वाटोळा असतो, आपल्या शून्यासारखा. ज्याला ठाऊक नाही तो पंचवीसला वीस वाचेल आणि पंधराला दहा. सहाशे पंचवीसचं सहाशे वीस, एक तास पंधराचं एक तास दहा. भुजंगच्या पेपरातलं उत्तर नेमकं हेच आहे. चाळीसांत एकट्याचं. चोराचा माल त्या पेपरात होता, कस्तुराच्या नाही."

बन्सीधरांचा चेहरा पांढरा पडला. "बाई, म्या न्हाई..."

"तुम्ही नाही, हे मला साडेतीनलाच कळलं. तुम्हाला हे आकडे येतात. तुम्ही कागद चोरला असता तर तुमच्या पोराचं उत्तर बरोबर आलं असतं. वाल्मीकला कुठलेच आकडे वाचता येत नाहीत. उरले एकच."

"हे अन्यायाचं आहे," भगवानराव म्हणाले, पण आवाज चिरकला. "हे आकडे न येणारा कुणीही असंच वाचेल."

"नाही वाचणार. मुख्याध्यापक पहिल्याच आकड्याला अडले. उर्दूतला सहा आपल्या सहासारखा दिसत नाही; नवखा माणूस तिथं थांबतोच. तुम्ही थांबला नाहीत. हा आकडा तुम्ही आधी पाहिला होता. नकाशावर अंदाज घेतला, सहाशेच्या आसपास भरतंय म्हणून तो सहाच, हे शनिवारी घरी बसून ताडलंत. पाचाला मात्र फसलात. आणि देशमुख सरांनी एक तास पंचवीस लिहिलं तेव्हा ते खोडून पंधरा तुम्हीच केलंत. तुम्हाला बरोबर गणित येत होतं! पण चोरलेल्या कागदावर तुमचा एवढा विश्वास, की पोराला देताना ते करूनही पाहिलं नाहीत."

 मग भुजंग रडत म्हणाला, "सरांनी रविवारी सकाळी वीस उत्तरं लिहून दिली. अपेक्षित प्रश्न हायत म्हनले. पेपर हातात आल्यावर मला कळलं. मी बोलायला पायजे व्हतं."

भगवानरावांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसला. कागद रविवारी सकाळी परत ठेवायचा होता. पण मुख्याध्यापक शनिवारी संध्याकाळीच चाव्या घरी घेऊन गेले, म्हणून तो जाळला, एवढं ते कसंबसं म्हणाले. शाळेतून त्यांचं नाव कसं कमी झालं, ती पुढची गोष्ट वेगळी.

बन्सीधर सावकाश वाल्मीकसमोर गेले. सकाळी ज्या बोटानं त्याला दाखवलं होतं, तो हात त्यांनी जोडला. "वाल्मीका, माल माज्या घरात व्हता आन् मी तुज्या घरात धुंडत व्हतो. माफ कर." वाल्मीकनं त्यांचे हात धरून खाली केले. त्याला कुणी हात जोडलेले सोसत नव्हते.

किशनरावांनी यादीचा कागद पुढं ओढला. पेन उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "पोरी, पूर्ण नाव?"

"कस्तुरा सुग्रीव मुंढे."

"आणि सव्वाकी मला एकदा म्हणून दाखव," ते म्हणाले. एवढ्या लोकांत एवढं बोलणं मुख्याध्यापकाला सोपं नव्हतं, म्हणून बाईंनी त्यांना मनातल्या मनात बरेच गुण दिले.

कस्तुरा म्हणू लागली. एक सव्वा सव्वा, दोन सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार. तिसऱ्या ओळीला तात्याराव गुरुजींनी सूर धरला, चौथ्या ओळीला नर्मदाबाईंनी. बाईंनी सही केली ती पाढा म्हणत म्हणतच. पाचला दहा कमी असताना वाल्मीक लिफाफा छातीशी धरून स्टँडकडं पळाला आणि कंडक्टरच्या हातात देऊन आला.

परत आला तेव्हा तो दारातच घुटमळला. "बाई, एक काम व्हतं. माजी बहीण, धुरपदाबाई, कारखान्यावर पाचटाच्या कोपीत ऱ्हाती. तिला कार्ड लिवायचंय. मला लिवता येत न्हाई."

बाईंनी आपल्या पिशवीतून पोस्टकार्ड काढलं. "सांगा."

"लिवा, कस्तुरा तालुक्यात पहिली आली. औरंगाबादला जायलीय. तुज्या सव्वाकीनं हे झालं." तो थांबला. "आन् लिवा, पोरीवर चोरीचा आळ आला व्हता."

बाईंचं पेन थबकलं. "ते कशाला, वाल्मीक? ती एवढ्या लांब फडात उभी आहे. उगाच जिवाला घोर लागेल."

"न्हाई बाई, लिवा. पहिली तर कोन्चंबी पोर येतंय. आमच्या पोरीला समद्यांनी मिळून तपासली, दोरा धरून मोजली, आन् ती खरी निघाली. हे तिच्या आईला कळू द्या."

नर्मदाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि त्यानं सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहिलं. खाली जागा उरली होती. तिथं त्यांनी आपल्या नावाची सही केली, हुद्द्यासकट, आणि शाळेचा गोल शिक्का मागून घेऊन तोही मारला.